बारा फुटांची रिंग

५ जानेवारी, सोम.
सु. आज पुन्हा लांबूनच जॅबचे ठोसे मारत होती. विचारलं, दुरून पत्र टाकून पळणारी पोस्टमन आहेस का? हसली नाही. सुवर्णा हसत नाही, हा तिचा एक गुण. दुसरा, मार खाते. हडपसरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये किती आले, किती पळाले. ती सहा वर्षं टिकली.
हल्लीचं बॉक्सिंग म्हणजे टिचकी मारायची आणि पळायचं. पॉइंट मिळतात. दोघं जरा जवळ आले की रेफ्री सोडवायला धावतो. समोरच्याच्या छातीला डोकं लावून, दोन इंचांतून बरगडीत ठोसा घालणं आता कुणाला येत नाही. पळणाऱ्याची वाट अडवत त्याला कोपऱ्यात नेणं तर त्याहून नाही. मला दोन्ही येतं. शेडमधली रिंग म्हणूनच बारा फुटी. स्पर्धेत वीस असते. मुद्दाम लहान ठेवली, पळायला जागाच नको.

१०, शनि.
पट्टा काढला. सौ.च्या जुन्या लुगड्याची पट्टी. दोघींच्या कमरा एकमेकींना बांधायच्या, मध्ये हातभर अंतर, आणि सुरू. सु. आणि रेश्मा. तीन राउंड. रेश्मा रडली. सु.ला डाव्या कुशीत बसला, वाकली. दुखतंय म्हणाली. म्हटलं, "दुखतं तिथे हाड आहे, एवढं तरी कळलं." उरलेला राउंड करून घेतला.
सौ.चं म्हणणं, लुगडं पोरींना मारायला नेता ते न्या, निदान धुऊन तरी आणा.
निवड चाचणीला आठवडा. निवडली गेली तर राज्य स्पर्धा, तिथे पदक मिळालं तर पोलिसात खेळाडू म्हणून भरती. वयाच्या हिशेबाने यंदाचं वर्ष शेवटचं. जानेवारीची चाचणी हुकली तर एप्रिलची, मग संपलं.

१४, बुध. संक्रांत.
केतन तिळगूळ घेऊन आला. माझाच विद्यार्थी, नाक वाकडं झालंय तेही माझ्याच शेडमध्ये. आता बिबवेवाडीत स्वतःचा क्लब, आरसे, एसी. म्हणाला, "सर, सुवर्णाला चाचणीआधी एकदा माझ्याकडे आणा. वीस फुटांत खेळली नाहीये ती कधी सरावाला." म्हटलं, तुझ्याकडे नाच शिकवतात, तिला लग्नाच्या वरातीत जायचं नाहीये. सणाच्या दिवशी एवढंच गोड बोललो. चहा न घेता गेला.

१८, रवि.
हरली.
समोर पिंपरीची, लांब हातांची. तिन्ही राउंड नुसती गोल फिरली. सु. तिच्यामागे. मी ओरडतोय, ठोसे खा आणि आत जा. खाल्ले. आत गेली चारदा. चारही वेळा रेफ्रीने सोडवलं, शेवटी धरते म्हणून ताकीद. तिसऱ्यात डाव्या कुशीत बसला आणि खालीच बसली.
डॉक्टर म्हणाला बरगडीला तडा आहे, आठवड्याभराचा तरी असावा. माझ्याकडे बघून म्हणाला. मी फॉर्म भरत होतो.

१९, सोम.
रेफ्री गाढव. जवळ भिडणं हा गुन्हाच करून टाकलाय. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

२४, शनि.
सु.च्या घरी गेलो. सफरचंदं नेली. आई पाणी ठेवून आत गेली. मी रेफ्रीबद्दल सांगायला लागलो. सु.ने थांबवलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.
"सर, रेफ्रीचं सोडा. ती पळत हुती आन् मी नुसती मागं पळत हुते. अडवायचं कसं ते मला येतच न्हाय."
म्हटलं, सहा वर्षं काय शिकवलं मग? शेडमध्ये तर प्रत्येकीला कोपऱ्यात कोंडतेस.
"शेडात कोण बी घावतंय सर. दोन पावलं मागं गेलं की दोरीच हाय."
सफरचंदं तशीच राहिली. बसने न येता चालत निघालो, मग गुडघा धरला आणि रिक्षा केली.

२५, रवि.
झोप नाही. मी शिकलो ते वीस फुटांत, माझ्या उस्तादांच्या मैदानावर. तिरकं पाऊल टाकायचं, मागे धावायचं नाही, पुढची वाट आधी बंद करायची. दीड वर्ष त्यातच गेलं होतं. आणि मी पोरींना तयार कोपरा दिला आणि म्हटलं, बघा, कोंडायला शिकलात. इतकी वर्षं. कुणी बोललं नाही. केतन बोलला तर त्याचीच वरात काढली.
लाज वाटते. बरगडीची जास्त वाटते.

८ मार्च, रवि.
बरगडी भरली. सु. शेडवर आली. बॅग नव्हती, तेव्हाच कळलं. केतनकडे जायला लागली आहे. समोर उभं राहून सांगितलं, फोनवर नाही.
म्हटलं, जा, तिथे आरसे छान आहेत.
"केतनसरांस्नी वाट अडवायची म्हाईत हाय, पण आत गेल्यावर काय करायचं ते न्हाय. त्यांनीच सांगितलं, ते सरांकडनं शीक. मंगळवारी सकाळी तिकडं याल का? सातच्या आत. सातनंतर त्यांची पोरं असत्यात."
जाताना म्हणाली, पट्टा आणा. आणि बांधायचा तर दुखतंय म्हटल्यावर सोडायचा.
मला अट घातली. हिंमत बघा. 

९, सोम.
एप्रिलच्या चाचणीला महिना उरला. केतनच्या दारात सकाळी सातच्या आत, नोकरासारखं. पोरं यायच्या आधी निघायचं. वाकड्या नाकाने हसेल. हसू दे. नाही, हसू दे असं मला वाटत नाही.
पट्टा सौ.ने धुऊन दोरीवर टाकलाय. न सांगता. डागासकट वाळला.
गुडघ्याला तेल लावलं. जाणार असं कुणालाही सांगितलेलं नाही.