तो टक् आलाच नव्हता

प्रिय रंजना,

तू गेलीस त्याला दीड वर्ष झालं. एक ओळ लिहिली नाही मी तुला. आज लिहितोय, कारण काल दुपारी दुकानात मी मार खाल्ला आणि ओठ सुजल्यामुळे बोलता येत नाही. हसू नकोस! दोनच टाके पडलेत. तू घातले असतेस तर सरळ तरी पडले असते.

कोणी मारलं? संपतने. दिंडोरीचा द्राक्षबागायतदार. पाच वर्षांपूर्वी चार माणसं आणून ज्याने आपलं नाशिकच्या द्वारका चौकातलं गाड्यांच्या सीट-कव्हरचं दुकान फोडलं, तोच.

तो दिवस मला कुठे विसरता येतोय? काच फुटली, रेक्झिनचे रोल रस्त्यावर गेले. “कुनी शिवली ती गरम सीट? माझ्या बापाची मांडी भाजली!” संपत ओरडत होता. मी पुढे होईपर्यंत तू मशीनवरून उठलीस. “मी शिवली. माझ्या नवऱ्याला हात लावायचा नाही!” आणि संपतच्या हातातला लोखंडी पाना तुझ्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं मी ऐकलं, रंजना. माझ्या कानांना सगळं ऐकू येतं, हीच तर पीडा आहे.

कोणी सांगितलं होतं तुला मध्ये पडायला?

सुईने आतली तार टोचली म्हणून सीट पेटली, असं ते म्हणाले, आणि तूही ते खरं मानलंस. हात बरा झाला, पण मशीनवर पुन्हा बसली नाहीस. “माझ्या सुईनं म्हाताऱ्याला भाजलं हो,” शेवटच्या आजारातही हेच म्हणत होतीस. मी काय करत होतो? तुझे पाय चेपत गप्प बसलो होतो.

गरम सीटची कल्पना मुळात तुझी. पहाटे थंडीत बागेवर जाणाऱ्यांच्या कंबरा धरतात, म्हणालीस, कव्हरखाली तारांची गादी घालू. बटणाला कमी आणि जास्त अशा दोन पायऱ्या. सीट ठरल्यापेक्षा तापली की आतल्या थर्मोस्टॅटचा टक् आवाज, वीज बंद. निवली की पुन्हा चालू. आणि बटण बसणाऱ्याच्या मांडीशी! “ज्याचं बूड तापतंय त्याच्याच हातात बटण पाहिजे,” असं तू संपतला तोंडावर सुनावलंस. त्याला ते स्टिअरिंगजवळ हवं होतं, ऐटीत दिसायला. मी हसून त्याचं ऐकलं. गोड बोलूनच तर फूटपाथवरून दुकानापर्यंत आलो होतो मी! शेजारच्या सीटवर बसणाऱ्या त्याच्या बापाला, आप्पांना, साखरेच्या आजाराने मांडीला चटका कळतच नव्हता, आणि ते कोणी विचारलंच नाही.

आता खरं सांगतो.

गाडी द्यायच्या आधी तू नेहमीसारखं सीटवर बसून पाहिलंस. मशीनच्या धडधडीने तुला कमी ऐकू यायचं, म्हणून मला विचारलंस, “अहो कानसेन, टक् झाला ना?”

मी म्हणालो, “झाला.”

झाला नव्हता. मी कान लावून उभा होतो. थर्मोस्टॅट चिकटला होता, दुसरा दुकानात नव्हता, बाहेर संपत हॉर्नवर हॉर्न मारत होता, आणि सीट उघडायची तर तुझी दोन दिवसांची शिलाई उसवावी लागली असती. वाटलं, नाशिकच्या एवढ्याशा थंडीत कोण फार वेळ चालू ठेवतंय!

पण तू तरी काय गं? खालून चटका बसत असणार तुला. तरी माझ्या कानांवर भरवसा ठेवून उठलीस?

काल संपत नवी गाडी घेऊन आला. “झालं गेलं जाऊ द्या, शेठ. वहिनी गेल्या ते कळलं, लय वाईट वाटलं. आता सुई नीट मारनारं मानूस हाय ना पन?”

माझा हात हातोडीवर गेला. खरंच गेला. त्याचं डोकं समोरच होतं. मग हातोडी फेकली, त्या दिवशी त्याने दुकानात भिरकावलेली जळकी सीट माळ्यावरून खाली ओढली आणि तुझ्या कात्रीने त्याच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडली. तार अखंड होती. तुझी शिलाई तारेपासून दोन बोटं लांब!

“दाखव, कुठे टोचली सुई?” मी ओरडलो. आणि मग त्याला टक्‌चं सांगून टाकलं.

“म्हंजी तुला ठावं व्हतं?”

“हो.”

“आन् माझ्या हातून बाईचा हात मोडू दिला?”

पहिला ठोसा तोंडावर बसला, दुसरा बरगडीत. मी हात उचलला नाही. ते ठोसे पाच वर्षं उशिरा आले होते. मारून दमला तसा तो त्याच फाटक्या सीटवर बसला, डोकं धरून. “आप्पा अजून वहिनींच्या हाताला शिव्या देतात,” म्हणाला. “त्यांना तू सांग. मला नाय जमायचं.”

उद्या सकाळी दिंडोरीला जातो. आप्पांसमोर उभा राहून बोलतो, ओठ दुखला तरी. त्यांनी काठी उचलली तर पाठ देईन. त्या सीटची तुझी शिलाई असलेली पट्टी कापून ठेवली आहे. ती त्यांच्या हातात देईन. डोळ्यांनी त्यांना आता कमी दिसतं, पण बोटं शाबूत आहेत. चाचपून बघू देत, किती सरळ आहे ती.

तुझा,
कानसेन