वाक्यात उपयोग

ता. ३ जून

चि. धाकट्यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या ऑनलाइन कोशाचं उत्तर आलं. मी 'सूतदम' हा शब्द भरून पाठवला होता, तर म्हणे, असा शब्द मराठीत आढळत नाही. आढळत नाही म्हणजे काय रे? आईनं एकतीस वर्षं सूतगिरणीत काढली. रविवारची सुटी संपवून सोमवारी खात्यात पाऊल टाकलं की छाती आवळायची, श्वास अर्ध्यावर अडायचा, तो बुधवारी कुठे सैल व्हायचा. लहानपणी दर सोमवारी तिची पाठ चोळायचास, ती काय हौसेनं?

परवा तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गिरणीच्या दवाखान्यातले जुने कागद मागितले. पानोपान एकच शब्द, थकवा. बाई सांगायची सूतदम, कंपाउंडर लिहायचा थकवा. डॉक्टर म्हणाले, वेळीच कळलं असतं तर खातं बदलून फुप्फुसं वाचली असती. आताचा कंपाउंडर भला आहे, संगणकावर लिहितो. पण शब्द अडला की तुमचा कोश उघडतो, तिथे सापडला नाही की पुन्हा थकवा. आमच्या खात्यातल्या पोरींचं तेच चाललंय. तू तिथला संपादक, घरचा माणूस. एवढं कर.

आई 'बरी आहे' म्हणते. तिचं बरं म्हणजे काय, ते तुला ठाऊकच आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का


ता. ९ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

कागदांचं दोनदा वाचलं. पण आता रागावू नकोस, तो शब्द मीच नाकारलाय. पाठवणाऱ्याचं नाव आम्हाला दिसत नाही गं. रोज तीन-चारशे शब्द येतात. कुणी मांजराचं लाडाचं नाव धाडतो, कुणी शेजाऱ्याला हासडलेली नवीकोरी शिवी. म्हणून नियम केलाय, छापील तीन ठिकाणी सापडला तरच शब्द खरा. आपल्या आईसाठी नियम वाकवला तर उद्या मांजरवाल्याला काय तोंड दाखवू? लोक कोशावर विसंबतात ते या कडकपणामुळेच.

तरी तुझ्या पत्रानंतर शोध शोध शोधलं. वैद्यकाची पुस्तकं, जुनी मासिकं, गिरणीचे अहवालसुद्धा. कुठेच नाही. माझे हात बांधलेले आहेत. आईला जप.

रागासकट का होईना, लोभ असू द्यावा.

तुझा धाकटा


ता. १४ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

छापील तीन ठिकाणी! म्हणजे दिवसभर यंत्रांपुढे उभं राहून बायकांनी घरी जाऊन पुस्तकं लिहायची होती का? माझ्याआधी खात्यातल्या कितीजणींनी हाच शब्द पाठवला, त्याही सगळ्या मांजरवाल्याच का?

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, चुकलंच माझं. आधी म्हणाली, पोराला छळू नकोस, त्याची नोकरी आहे. तिला तुझी बाजू घ्यायची सवयच. मग तिनं विचारलं, म्हणजे मी एकतीस वर्षं खोटं सांगत होते असं वाटेल का गं लोकांना? तिला उत्तर हवंय. तू शिकलेला, तूच दे.

तरीही आशीर्वाद आहेतच, ते काही नियमावर नसतात.

अक्का


ता. २१ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून नाकारलेल्या शब्दांची यादी उघडली. 'सूतदम' चार वर्षांत एकेचाळीस वेळा आलाय. त्यातले तीस नकार माझ्या हातचे.

आमच्या अर्जात एक रकाना असतो, 'वाक्यात उपयोग करून दाखवा'. तो आम्ही वाचतच नाही. छापील आधार नसला की अर्ज तिथेच संपतो. बायकांना वाटलं, कुणीतरी विचारपूस करतंय. "सूतदम असला की जिना दोनदा बसून चढते." "सूतदमामुळे बाळाला कुशीत घेऊन निजता येत नाही." एकीनं लिहिलंय, "मला सूतदम आहे, कुठे दाखवावे ते कृपया कळवा." तिला आम्ही कळवलं, असा शब्द मराठीत आढळत नाही.

एक सोडून सगळी वाक्यं मी बैठकीत नेली. प्रमुख म्हणाले, या तक्रारी आहेत, आधार नव्हेत. मी वाद घातला नाही, वाचायला सुरुवात केली. नवव्या वाक्याला त्यांनी हात वर केला आणि सही दिली. शब्द आज कोशात आला. आईला सांग, तू खरंच सांगत होतीस, आम्हीच ऐकलं नाही. मला फार लाज वाटते, अक्का.

ते एक, शेवटचं वाक्य मात्र मी बैठकीत नेलं नाही. "आईला एकतीस वर्षं होता, आता वर्षभर मलाही सूतदम आहे, पण धाकट्याला कळवणार नाही, तो काम टाकून धावत येईल." हे वाक्य मी न वाचता नाकारलं गं.

काम टाकलंय. रविवारी पोचतो. सोमवारी तू खात्यात पाऊल टाकायचं नाहीस, आपण दोघं दवाखान्यात जायचं. तू शब्द सांग. कंपाउंडर लिहीपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुझाच,
धाकटा