ती खूण मी केली होती

लर्विक, शेटलंड
१४ मार्च

प्रिय आई,

मी ठीक आहे. वारा जास्त असल्याने दोन दिवस आम्ही दुरुस्तीसाठी पवनचक्कीवर चढलेलो नाही.

डॉटमावशीचा फोन आला होता. हक्क नसताना दातांचे उपचार फुकट घेतले म्हणून दंड झाल्याचं पत्र तू पावाच्या डब्यात लपवलंस, आणि दातांचं काम अर्धवट ठेवून दवाखानाच सोडलास. "काउंटरवरची बाई मला फुकटी म्हणेल," असं म्हणालीस म्हणे. मावशी म्हणते, "तुझी आई आता सूपवरच जगणार बघ!"

दवाखान्यात तू चष्मा विसरलीस म्हणून फुकट उपचारांचा तो अर्ज मी भरला होता. आजारपणाचे सरकारी भत्ते दोन आहेत, नावं जवळपास सारखी. दातांचे उपचार फुकट मिळतात ते पहिल्यावरच. तुला दुसरा मिळतो. मी तुला न विचारता पहिल्यावर खूण केली. तू फक्त सही केलीस.

तसं मी दंड लावणाऱ्या कार्यालयाला लिहून कळवलं आहे. दंड माफ होईलच असं नाही. न झाल्यास मी भरेन. यावर वाद नको.

दुखतंय का अजून? खरं सांग.

दवाखान्यात गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. मी बुधवारी घरी येते. काउंटरवर आधी मी बोलेन, तू मागे उभी राहा.

तुझी,
कर्स्टी