आठव्या खांबाची जागा

३ ऑक्टोबर २००९
पोचलो एकदाचे. हॅमिल्टनच्या बाहेर, सफरचंदाच्या बागांमध्ये हे घर. घर कसलं, इंग्लंडमधली कैक शतकांची सराय! मालकीण एलेन, तिच्या आजोबांनी तिकडे लाकूड न् लाकूड सुटं केलं, बोटीनं आणलं, इथं परत उभं केलं. दुसरा उद्योग नव्हता वाटतं. आम्ही दोघांनी राखायचं, साफ ठेवायचं. बेसिल शिट्टी वाजवत फिरतोय, वेअरहाऊसमधल्या खोक्यांपेक्षा हे बरं म्हणतो. काळे ओकचे खांब, मध्ये कुडाच्या भिंती, वसईला आमच्या गोठ्याला होत्या तशाच, काठ्या-मातीच्या. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला. पोट सुटलंय तुझ्यासारखं, म्हटलं नवऱ्याला. तर म्हणतो, घराचं बरं आहे, त्याला कोणी भात कमी वाढत नाही.

५ ऑक्टोबर
अख्ख्या सांगाड्यात लोखंडी खिळा नाही. लाकडाला खाच, खाचेत लाकूड, वरून लाकडी खुंटी ठोकलेली. जोडताना घोळ नको म्हणून सुतारांनी खांबाखांबावर रेघा मारून नंबर कोरलेत. मोठ्या खोलीत सातवा आहे, नववा आहे, आठवा नाही. वर तुळईत रिकामी खाच, खाली पायाच्या लाकडात रिकामी खाच, मध्ये हवा. फोनवर एलेनला विचारलं. म्हणाली, तो आजोबांनाही सापडला नाही, तिथे काही करू नका.
मला काय करायचंय.

८ ऑक्टोबर
आमच्यात नव्या घरात मधल्या मेढीला, घर पेलणाऱ्या खांबाला, पाठ टेकून घरधनी उभा राहतो, घरधनीण पवित्र पाणी शिंपडते. मेढीसारखा माझा माणूस उभा राहो, म्हणते. इथली मधली मेढ म्हणजे तोच नसलेला आठवा खांब. बेसिल म्हणाला, सातव्याला टेकतो. मी म्हटलं, बाजूचा खांब म्हणजे मेढ होते काय? त्या रिकाम्या जागीच उभा केला. कुरकुरला. मेढ नाही तर तूच मेढ, गप उभा राहा, म्हटलं. पाणी शिंपडलं. वर तुळई करकरून खाली बसली.
बेसिल म्हणतो, पाठ अगदी हलकी झाली.

१२ ऑक्टोबर
आता चहापण तिथेच उभ्यानं पितो. चर्चमधला सेंट जोसेफ झालास काय, ओरडले. हसला नाही. जेवायला बसवलं तर गुडघे वाकेनात.

१५ ऑक्टोबर
पाठीला तेल चोळत होते. हाताला खरखर लागली. कोरलेल्या रेघा. सातव्या खांबावर आहेत तशाच, एक रेघ जास्त. रक्त नाही. नखानं खरवडलं तर त्याला कळलंदेखील नाही.
मी तोंडातून काय काढलं ते. मीच काढलं.

१७ ऑक्टोबर
त्याला तिथून ओढायला गेले. वर मजला कण्हला, चुना पडला, नववा खांब वाकला. बेसिल किंचाळला, नको सेलीन, घर येईल अंगावर. खाली बघितलं. त्याच्या पायांची बोटं खालच्या खाचेत गेलीत.
उलटं बोलून पाहिलं. तू मेढ नाहीस, माझा नवरा आहेस. पवित्र पाणी संपलं. नळाचं शिंपडलं.

१९ ऑक्टोबर
नाइन-वन-वनला फोन केला. पोलीस आले. नवरा कुठाय विचारलं. मी दाखवला. त्यांनी खांबावर टकटक केलं, मला पाणी दिलं, खुर्चीत बसवलं. माझं इंग्लिश तोडकं, पण हजबंड तर कळतं ना?
गेले.

२० ऑक्टोबर
अजून ऊब आहे. कान लावला की बोलतो. हळू. पाय दुखतात म्हणतो.
एलेन आली होती. खांबाला हात लावून रडली, आनंदानं. आठवा सापडला! कुठे मिळाला विचारते. मी सांगते, ऐकतच नाही. म्हणते, नुसता बसवलाय, पक्का करायला सुतार पाठवते.
खांद्यापाशी दोन भोकं आहेत. काल नव्हती.

२१ ऑक्टोबर
सुतार आलाय. ओकच्या खुंट्या, मोठा लाकडी हातोडा. मी आडवी झाले. हसून बाजूला केलं, मॅम म्हणतो —
एका हातानं लिहितेय, दुसरा बेसिलच्या — लाकडावर — नाही, बेसिलच्या छातीवर. धडधडतंय. सुताराचा हात धरून इथे लावला. त्याला धडधड जाणवत नाही —
खुंटी भोकावर धरली. बेसिल आतून म्हणतोय, सेलीन, त्याला सांग, मी अजू