कोंढ्यात लाऊडस्पीकरवर गेलेले बोलणे

मी मोतीलाल केशवराव हेडाऊ, वय ६८, धंदा साऊंड सर्व्हिस, राहणार मोहाडी, जि. भंडारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोंढा गावच्या नाटकाला भोंगे लावले तेव्हा जीभ नव्हती, त्याचे पुढे येईलच.

१. पुतण्या वीरेंद्र याला वडिलांचा हातमाग द्यावा. घराची लांबी-रुंदी त्याने मला न विचारता टेपने मोजून नेली आहे. ती त्याच्याजवळच राहू द्यावी.

२. अॅम्प्लिफायर, भोंगे आणि माईक बदलण्याची पेटी सून दामिनी हिला. पेटीत रीड रिले आहेत: काचेची बारीक नळी, आत दोन पात्या, भोवती तारेची गुंडाळी. गुंडाळीत वीज गेली की पात्या चिकटतात आणि तो माईक सुरू होतो. साध्या बटणासारखी खरखर नाही. मात्र दोन रिले खेटून बसवले तर एकाच्या गुंडाळीचे चुंबकत्व शेजारच्या पात्याही ओढते, म्हणून मध्ये लोखंडी पत्रा लागतो. यंदा विंगेतल्या माईकसाठी मी घाईत एक रिले वाढवला आणि पत्रा घातला नाही.

कोंढ्याला नायिकेचा माईक उघडला, तसा विंगेतलाही उघडला. तिथे मी माझा दोस्त तुलाराम याच्याशी बोलत होतो. “कुंदन गेला. ही आमची कोन लागते आता? उद्या दुसऱ्याच्या घरी जाईल. घर इच्या नावानं काहून करू मी?”

कुंदन माझा मुलगा, दामिनीचा नवरा. अख्ख्या मैदानाने ते ऐकले. दामिनी मागे पेटीपाशीच बसली होती. तिने विंगेची वायर उपटली आणि नाटक शेवटपर्यंत सांभाळले. सकाळी एवढेच म्हणाली, “मामाजी, मधात पत्रा टाकजा. आवाज गळून राहिला.”

मला लाज वाटते. तिने चहा आणला की मी पेपरात तोंड घालतो. वाचत काही नाही.

३. मोहाडीचे राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते दामिनीचे. तिने दुसरे लग्न केले तरी तिचेच. विकावे, ठेवावे, नाकारावे, तिची मर्जी.

तुलाराम म्हणतो, “तोंडानं सांग नं तिले, कागद कायले करून राहिला?” पण मैदानाने ऐकलेले मी स्वयंपाकघरात हळूच कसे मागे घेणार? म्हणून हा कागद, आणि तो रजिस्टर व्हावा.

सही: मोतीलाल के. हेडाऊ
मोहाडी, १२ मार्च २०२५

साक्षीदार:
१. भोजराज निमजे, ऑर्गनवादक
२. तुलाराम सोनकुसरे. सूनबाई, मोतीलालने माझे लिहिले नाही. विंगेत मी त्याला “बरोबर हाय” म्हणालो होतो. तेही भोंग्यावर गेले. तू ऐकलेच असशील.