रिव्हर्स हॉर्नमधलं नाताळगीत

सिल्वासा, २३ डिसेंबर १९९४

आपली जुनी गाडी आता मागे घेताना नाताळचं गाणं वाजवते. खुद्द पाटलांनीच सांगितलं, वर वाजवून दाखवलं. पाटील राखोलीच्या कारखान्यात सुपरवायझर. गेल्या आठवड्यात त्यांनाच गाडी विकली. सोळा वर्षं वापरलेली माझी गाडी, आणि त्या पिपाणीसारख्या आवाजात ते गाणं! किळस आली.

"बाकीच्यांच्या गाड्या रिव्हर्सला कुत्र्यासारख्या भुंकता, साहेब," पाटील खुशीत म्हणाले. "म्हटलं, आपली तं साहेबांचं गाणं म्हणीन. तुम्हीच छापलं व्हतं ना?"

छापलं होतं, माझ्याच साप्ताहिकात. त्याच गाडीतून चर्चला जाताना मागच्या सीटवर बसून म्हाताऱ्या रोझाबाईंनी सांगितलं होतं, चाल परदेशी, पण मराठी शब्द त्यांच्या वडिलांचे. बाईंची तान्ही बहीण दगावली त्या नाताळात रचलेले. म्हणून इथल्या चर्चमध्ये ते अंगाईसारखं, हळू म्हणतात. आणि मी? जागा कमी होती, ती मुलगी गेल्याचं वाक्य कापलं, 'आनंदगीत' असा मथळा दिला. पाटलांनी तेच वाचलं. त्यांचा काय दोष? किळस हॉर्नची येतेय की स्वतःची?

खरं सांगायचा धीर झाला नाही. दर नाताळला रोझाबाईंना चर्चला मी न्यायचो. यंदा पाटलांनी हौसेनं ते काम मागून घेतलंय. बाईंनाही कळवलंय. उद्या संध्याकाळी सहाला गाडी त्यांच्या दारात उभी राहील. गल्ली पुढे बंद आहे. बाई बसल्या की गाडी मागेच घ्यावी लागेल.