बिनमुदतीचा पहारा

३ डिसेंबर

आज सकाळी स्वारगेटला एसटीतून उतरलो, नळावर तोंड धुतलं आणि थेट कसब्याच्या गणपतीपुढे जाऊन उभा राहिलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी मिळाली, हे आधी त्याला सांगावंसं वाटलं. मग पत्ता शोधला. तांबट आळीत एका दुकानावरचा मजला आहे. खाली दिवसभर पातेल्यांवर हातोडी पडत असते, वर इंद्रजीतचं काम चालतं.

इंद्रजीत तिशीतला. जुन्या टीव्ही गेमच्या खोक्यांतून संगीत काढतो आणि लोक ते ऐकायला येतात. गावी माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. असली खोकी मी पुष्कळ उघडली, पण ती बंद पडली म्हणून. चालू खोकं मुद्दाम उघडायचं, हे इथेच पाहिलं. मी त्याला साहेब म्हणालो, तर म्हणाला, साहेब हवे असतील तर कोपऱ्यावरच्या बँकेत जा, काका, तिथे काम न करणारे भरपूर आहेत. त्याची बायको निशाताई म्हणाली, मनावर घेऊ नका, हा स्वतःच्या आईशीही असंच बोलतो.

मला मागची खोली दिली आहे. खिडकीत तुळशीची कुंडी मावते. गावी बायकोला, शकूला, फोन करून एवढंच सांगितलं. तिने जेवणाचं विचारलं. संध्याकाळी हरिपाठ म्हटला. आवाज छान लागला.

८ डिसेंबर

जुन्या बाजारातून इंद्रजीतने एक पिवळट पडलेला टीव्ही गेम आणला. आत आवाज काढणारी चिप शाबूत आहे. खेळ चालू केला की ती तेच तेच सूर काढते. मधल्या दोन जागा जोडल्या की सूर बिघडतो, लांबतो, नवा होतो. त्या दोन जागांपासून मी तारा बाहेर काढल्या आणि झाकणावर तांब्याच्या दोन चकत्या बसवल्या. चकत्या खालच्या तांबटाने घडवून दिल्या. एकीवर अंगठा आणि दुसरीवर बोट ठेवलं की अंगातून करंट जातो आणि खोकं गातं. हात उचलला की गप्प. मुंगीही मरणार नाही इतका बारीक करंट. बोट जरा दाबलं तर सूर चढतो. माणसाच्या अंगाचा असा उपयोग होईल, हे मला ठाऊक नव्हतं. खोटं कशाला सांगू, मजा आली.

१२ डिसेंबर

इंद्रजीतला एक कार्यक्रम करायचा आहे. आवाज सलग चालू ठेवायचा, लोक येत-जात राहतील. हात दुखला तर काय, हे त्याला सुचत नव्हतं. मी त्याला आमच्या गावच्या सप्ताहातला वीणेचा पहारा सांगितला. वीणा जमिनीला टेकत नाही आणि थांबत नाही. दुसरा माणूस समोर येऊन उभा राहतो, वाकून नमस्कार करतो, मग त्याच्या हाती ती द्यायची. समोर वाकलेल्याला नाही म्हणता येत नाही. शेवटच्या दिवशी काला झाला की वीणा उतरते.

तो खूश झाला. काका, म्हणाला, तुमच्या गावाने हे आधीच करून ठेवलंय आणि आम्ही उगाच परदेशातले व्हिडिओ बघत बसलोय.

मला राहवलं नाही. सराव सुरू करण्याआधी खोक्याला हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला, ओंजळीत पाणी घेतलं. संकल्पात किती दिवस ते बोलावं लागतं. कार्यक्रमाची तारीख ठरलेली नव्हती. इंद्रजीत म्हणाला, मोबाइलच्या प्लॅनसारखं अनलिमिटेड म्हणा. निशाताई हसली. मीही हसलो, आणि बिनमुदत म्हणून पाणी सोडलं.

१५ डिसेंबर

आम्ही दोघं आळीपाळीने पहारा करतो. आज दुपारी चहाला खाली गेलो, दोघेही. जिन्यात इंद्रजीत थांबला. वर खोकं गात होतं.

चकत्यांवर कुणाचा हात नव्हता. मी खोकं उघडून सगळी जोडणी तपासली. कुठे तार चिकटलेली नाही, दमट नाही. इंद्रजीत म्हणाला, काका, फुकट कामगार मिळाला, त्याला चहा नेऊ या.

मी चकत्यांना बोट लावलं. गरम होत्या, नुकता हात उचलल्यासारख्या.

१८ डिसेंबर

इंद्रजीतचा आवाज बसला आहे. डॉक्टरांनी घसा पाहिला, काही दिसत नाही म्हणाले. त्याने घोगऱ्या आवाजात डॉक्टरांना सांगितलं म्हणे, फी दिसली ना, बास.

पहाऱ्याच्या वेळी एक गोष्ट झाली. खोकं त्याच्यापाशी होतं. मी समोर उभा राहून वाकलो. मान वर करून पाहतो तर त्याने खोकं माझ्याकडे दिलं नव्हतं. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे धरलं होतं. आणि हात काढून घेतला. खोकं पडलं नाही. जरा वेळ तसंच राहिलं, गात. मग त्याच्याच मांडीवर परत आलं.

मला त्याने विचारलं, तुम्ही घेतलं होतं ना? मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

२१ डिसेंबर

इंद्रजीत बोलू शकत नाही. मोबाइलवर लिहून दाखवतो. आज लिहिलं, काळजी नको, निशाला शांतता आवडते. निशाताई वाचून आत गेली.

खोक्याच्या सुरांत मला त्याचं हसणं ऐकू आलं. बारीक, चिपच्या आवाजात, पण त्याचंच. नंतर तो साहेबाचा टोमणा. शब्द नव्हते, बोलायची चाल तीच.

मी भिंतीतली पिन काढली. खोकं गातच राहिलं.

२३ डिसेंबर

निशाताईने त्याला विश्रांतवाडीला माहेरी नेलं. दुपारी तो एकटाच रिक्षाने परत आला, अनवाणी. सरळ खोक्यापाशी बसला. अंगठा आणि बोट चकत्यांवर. आम्ही दोघांनी ओढूनही सुटत नाही. डोळ्यांतून पाणी येतं. बोलता येत नाही. जेवत नाही.

निशाताई मला म्हणाली, काका, तुम्ही नारळ फोडलात, तुम्हीच बंद करा. चिडून नाही म्हणाली. म्हणूनच –

गावी महिपतीबुवांना फोन केला. सप्ताहात ते वीणा सांभाळतात. सगळं सांगितलं. मग म्हणाले, मुदत नाही तर काला कशाचा करणार? तुम्हा दोघांच्या पहाऱ्यात तिसऱ्याने जागा धरलीय. संकल्पाचं पाणी ज्याने सोडलं त्यानेच पहारा घ्यायचा आणि पुढे द्यायचा नाही. मग तू कधी सुटणार, ते मला विचारू नकोस.

२४ डिसेंबर

इंद्रजीतचे ओठ निळसर. खोकं आता श्वासही काढतं. त्याचा.

तुळशीला पाणी घातलं. शकूशी बोललो. काही सांगितलं नाही. कुंडी खालच्या तांबटाकडे देऊन आलो.

२५ डिसेंबर

सकाळी अंघोळ करून त्याच्यासमोर उभा राहिलो. शेजारी कुणीतरी होतं. ते वाकायच्या आत मी वाकलो.

त्याचा हात सुटला. खोकं माझ्याकडे आलं. काका, म्हणाला तो. तोंडाने म्हणाला. निशाताईने त्याला धरून खाली नेलं. बाहेरून कुलूप लावा, आणि मी कितीही हाका मारल्या तरी उघडू नका, असं बजावून ठेवलंय. कुलपाचा आवाज आला.

डावा हात चकत्यांवर. उजव्याने लिहितो आहे.

दुपार

हरिपाठ म्हणून पाहिला. आवाज निघत नाही. खोकं म्हणतंय. माझ्या आवाजात. एकही सूर चुकत नाही.

खाली हातोडी थांबली –

ते समोर उभं आहे. दिसत नाही. तिथल्या फरशीवर ऊन पडत नाही.

संध्याकाळ

वाकलं. परत वाकलं. वाकलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही रीत मीच इथे –

देणार नाही. दिलं तर ते परत इंद्रजीतला धरणार.

सोल्डरिंगच्या टेबलावरची तार घेतली. बोटं चकत्यांवर ठेवून वेढे घातले. घट्ट. दातांनी ओढून गाठ मारली. आता मला देताच येणार नाही. देवा, एवढं झालं माझ्या हातून.

ते पुढे आलं. बांधलेल्या हाताकडे नाही. या हाताकडे, लिहित्या –

गरम आहे. चकतीवर ठेवावं तसं या हातावर त्याने बोट